मोरा बंदर : प्रवासी वाहतुकीवरील नियंत्रण

रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील हे बंदर मुंबईच्या भाऊच्या धक्क्याशी लाँचने जोडलेले आहे. भाऊचा धक्का मुंबई बंदर प्राधिकरणाकडे, तर मोरा धक्का 1996 च्या कायद्याने स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. फेरी एकच, पण तिच्या दोन टोकांचे मालक वेगळे. लाँच खाजगी मालकांच्या असल्या तरी प्रवासी क्षमता, जीवरक्षक जॅकेट आणि सारंगाचे पात्रता प्रमाणपत्र ही शासकीय तपासणीची बाब आहे. 18 डिसेंबर 2024 रोजी मुंबईजवळच्या समुद्रात नौदलाच्या बोटीने ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला धडक दिली, त्यानंतर जॅकेटसक्ती कडक झाली. त्याआधी जॅकेट बहुधा बाकाखालीच असत.

गाळ हे इथले जुने दुखणे. मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही आणि फेऱ्या बंद ठेवाव्या लागतात. पाणी उतरले की शेवाळलेल्या पायऱ्यांवरून हेलकावणाऱ्या लाँचमध्ये पाय टाकायचा; धडधाकट माणूसही खलाशाचा हात धरतो. चाकाची खुर्ची न्यायची तर ती उचलूनच. दिव्यांग हक्क अधिनियम, 2016 चे कलम 41 बसथांबे, रेल्वे स्थानके व विमानतळांवर वाहनतळासह सुगम सोयी मागते. त्या ओळीत धक्क्यांचे नाव नाही.

जमिनीवर एसटीची देखरेख राज्य शासनाकडे, एनएमएमटीची नवी मुंबई महापालिकेकडे, आणि रिक्षाचालकांचे परवाने प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे. 12 जानेवारी 2024 रोजी उरणपर्यंत लोकल सुरू झाली आणि मुंबईला जाण्यासाठी भरती-ओहोटी न पाहणारा पर्याय मिळाला.