तळटीप : बलबल
बलबल हा मृताचा पुतळा नव्हे. तुर्क सरदाराने रणात मारलेल्या शत्रूंच्या नावाने त्याच्या स्मारकापुढे रोवलेले ओबडधोबड दगड म्हणजे बलबल. मंगोलियातल्या ओर्खोन खोऱ्यात क्युल तेगिनच्या स्मारकापासून पूर्वेकडे निघालेली अशी रांग सुमारे ३ किलोमीटर जाते. कधीकधी एखाद्या बड्या शत्रूला नावानिशी बलबल केले जाई. तुर्कांचा सम्राट (खागान) बिल्गे याच्या वडिलांसाठी उभारलेल्या रांगेत पहिला मान बाझ खागानचा होता.

क्युल तेगिन हा बिल्गेचा धाकटा भाऊ आणि सेनानी. तो ७३१ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी उभारलेल्या, ३ मीटरहून उंच शिलेच्या एका बाजूला थांग सम्राटाचा चिनी शोकलेख आहे, उरलेल्या बाजूंवर तुर्की रुनिक लिपी. कारागीरही चीनमधूनच आले होते. तरी वाचकाने आधी तुर्की बाजू वाचावी. राजकारणाच्या, लढायांच्या हकिकतीत मध्येच भावाच्या मृत्यूने खचलेला बिल्गे बोलू लागतो, आणि शिलालेखात इतके उघडे दुःख क्वचितच भेटते.

ही रुनिक लिपी डॅनिश पंडित विल्हेल्म थॉमसन यांनी १८९३ मध्ये उलगडली.

तुर्कांच्या अंत्यविधीचे वर्णन मात्र चिनी बखरींतून मिळते. प्रेत तंबूत ठेवत. नातलग घोड्यावरून तंबूभोवती सात फेऱ्या घालत आणि दाराशी येताच सुरीने स्वतःचा चेहरा चिरत. रक्त आणि आसवे एकत्र वाहत. मग मृताला त्याच्या घोड्यासह जाळत. वसंतात वा उन्हाळ्यात मेलेल्याच्या अस्थी पुरण्यासाठी झाडांची पाने पिवळी पडून गळेपर्यंत थांबत.