डाव्या हाताची लेखणी

आज आधी एक गोष्ट करून पाहा. जवळ पाटी असेल तर घ्या, पेन्सिल डाव्या हातात धरा आणि आपलं नाव लिहा. अक्षर वाकडं जातं, ओळ सुटते, दोन शब्दांतच मनगट अवघडतं. आता मनात आणा, की याच हाताने एक अख्खा ग्रंथ लिहायचा आहे. आणि लिहिणारा साठी ओलांडलेला, उजवं अंग लुळं पडलेला माणूस आहे. असा ग्रंथ मराठीत आहे. त्याचे कर्ते जोतीराव फुले.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. तरुणपणी लहुजी वस्तादांच्या तालमीत कसलेलं त्यांचं शरीर. १८४८ साली पुण्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. १८६८ साली घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापला आणि त्याच वर्षी ‘गुलामगिरी’ लिहिली. पुढे १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून कुणब्याच्या कर्जाची, अज्ञानाची कैफियत मांडली. मे १८८८ मध्ये मुंबईच्या सभेत लोकांनी त्यांना ‘महात्मा’ म्हटलं.

आणि त्याच वर्षी पुढे त्यांना पक्षाघाताचा झटका आला. खेड्यात याला कोणी लकवा म्हणतात, कोणी ‘वारं गेलं’ म्हणतात. हा वाऱ्याचा विकार नव्हे, बरं का. मेंदूच्या डाव्या भागाला रक्त पोचेनासं झालं, किंवा तिथली शीर फुटली, की शरीराची उजवी बाजू दुबळी होते. आज अशा रोग्याला लगेच, काही तासांच्या आत, मोठ्या दवाखान्यात नेलं तर पुष्कळदा उपाय चालतो. त्या काळी तशी औषधं नव्हती. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले, सावित्रीबाईंनी शुश्रूषा केली. जीव वाचला, पण उजवा हात कामातून गेला. घरात पैशाची ओढाताण होतीच.

आता बसून राहिले असते तर त्यांना कोण बोल लावणार होतं? चाळीस वर्षं राबलेला माणूस! पण मनात एक पुस्तक राहून गेलं होतं. जोतीरावांनी लेखणी डाव्या हातात घेतली. ज्याने दुसऱ्यांच्या लेकींना अक्षरं शिकवली, तो एकसष्टाव्या वर्षी स्वतःच नवशिका झाला. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, ही गोष्ट वर्गात जरूर सांगा.

या पुस्तकाचं नाव ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’. आजारी माणूस सहसा आपलं दुखणं उगाळतो. इथे ग्रंथ भरला आहे तो दुसऱ्यांच्या चिंतेने. प्रश्नोत्तरांच्या रीतीने तो चालतो. निर्मिकाने स्त्री-पुरुष सारखेच स्वतंत्र निर्माण केले, हे त्याचं सार. सत्याने वागण्याचे तेहेतीस नियम त्यात आहेत. आणि एक चित्र तर मनात घर करतं: एकाच घरात बायकोने बौद्ध धर्म घ्यावा, नवऱ्याने ख्रिस्ती, मुलीने मुसलमानी, मुलाने सत्यधर्म, आणि तरीही सर्वांनी एकमेकांचा हेवा न करता गोडीने नांदावं. स्वतःचं अर्धं अंग साथ सोडून गेलेलं असताना हा माणूस साऱ्या समाजाचं अंग एकजीव कसं राहील, याचा विचार करीत होता.

हे पुस्तक छापलेलं पाहणं त्यांच्या नशिबी नव्हतं. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात त्यांचं देहावसान झालं. अंत्ययात्रेत टिटवं सावित्रीबाईंनी स्वतः धरलं. त्या काळी बाईने तसं करणं ही साधी गोष्ट नव्हती. दत्तक पुत्र यशवंत यांनी १८९१ साली ग्रंथ प्रसिद्ध केला.

धैर्य म्हटलं की आपल्याला तलवार आठवते, गड आठवतो. पण आपल्या गावातही एखादा म्हातारा अंगणात काठी टेकीत पुन्हा चालायला शिकत असतो, एखादी बाई दुखण्यातून उठून भाकरी थापायला बसते. त्यांना उपदेश करू नका. त्यांच्याजवळ बसा, हात द्या, आणि एवढंच सांगा, की जोतीरावांचाही एक हात गेला होता. पण हातातलं काम त्यांनी खाली ठेवलं नाही.