शॅम्पू हवाय? आधी कपडे काढा!

जरा जपून! घोड्याच्या लिदीत पाय पडला असता. मासळी, कोळशाचा धूर आणि खारा वारा असा सगळा वास एकदमच नाकात शिरतोय ना? हे इंग्लंडच्या किनाऱ्यावरचं ब्रायटन, १८२०च्या दशकातलं. लंडनच्या घोडागाड्यांतून उतरलेली आजारी, अर्धआजारी आणि नुसतीच हौशी माणसं कोपरं मारत पुढे सरकताहेत. तुम्हीही मारा कोपर आणि समोरच्या स्नानगृहात शिरा.

आत भिंतीवर चक्क कुबड्या टांगल्यात. बरे झालेले रोगी ठेवून गेले म्हणे. जाहिरात करावी तर अशी!

मालक शेख दीन महोमेद, मूळचे पाटण्याचे. कंपनी सरकारच्या फौजेत वाढले. लंडनमध्ये हिंदुस्थानी जेवणाचं कॉफी हाऊस काढलं, त्यात दिवाळं निघालं. आता ते खुद्द चौथ्या जॉर्ज राजाचे 'शॅम्पूइंग सर्जन' आहेत.

तुम्ही ऐटीत सांगता, "शॅम्पू करायचाय." नोकर तुमच्या केसांकडे ढुंकूनही बघत नाही. "कपडे काढा," म्हणतो.

मग वाफारा. झाडपाल्याचा उग्र दर्प घशात उतरतो, घामाच्या धारा लागतात, कानशिलं तापतात. त्यानंतर तुमच्याभोवती फ्लॅनेलचा तंबू पडतो. या तंबूला बाह्या शिवलेल्या आहेत. बाहेर उभा असलेला माणूस त्यांत हात घालतो आणि तोंड न दाखवताच तुम्हाला रगडायला लागतो. कण्याच्या दोन्ही बाजूंना अंगठे रुततात, खांदे कडकडतात, पोटऱ्या पिळून निघतात. "आई गं!" ओरडलात तरी इथे कुणाला कळणार?

हाच शॅम्पू! हिंदुस्थानातल्या साहेबांच्या कानावर 'चांपो' पडलं, म्हणजे दाब, चेप. आपली चंपी त्याच घरातली. साबण लावून डोकं चोळण्याला हे नाव पुढे कधीतरी चिकटलं, मग चोळणं गळालं आणि फेस तेवढा उरला. बाटलीची पाळी तर त्याहूनही उशिरा आली.

अंग पिसासारखं हलकं झालंय, केस मात्र घामाने चिप्प. "हे कुठे धुऊ?" विचारलंत, तर नोकर खिडकीतून समुद्र दाखवतो. तिथे घोडे चाकांवरच्या खोल्या पाण्यात ओढताहेत, आणि दणकट बाया गिऱ्हाइकांना धरून गार लाटेत बुचकळताहेत. किंकाळ्या इथवर ऐकू येतात. राहू द्या केस तसेच.