लहान मैदानावर केलेला विक्रम मोजायचा की नाही?

1009 नाबाद. क्रिकेटमध्ये एका डावात एकाच फलंदाजाने केलेल्या आजवरच्या सर्वाधिक धावा. हा विक्रम लॉर्ड्सवर किंवा मेलबर्नमध्ये नाही, तर आपल्या कल्याणमध्ये झाला. पण त्याचा विषय निघाला की कॉमेंटमध्ये दोन गट पडतात. एक म्हणतो, हजार धावा म्हणजे हजार धावा. दुसरा म्हणतो, आधी मैदान केवढं होतं ते बघा.

यात खरं कोण बोलतंय?

कल्याणमध्ये नेमकं काय झालं?

4 आणि 5 जानेवारी 2016. भंडारी करंडक ही 16 वर्षांखालील मुलांची आंतरशालेय स्पर्धा. के. सी. गांधी शाळा विरुद्ध आर्य गुरुकुल. आर्य गुरुकुलचा पहिला डाव 31 धावांत आटोपला. मग 15 वर्षांचा प्रणव धनावडे सलामीला आला. पहिल्या दिवसअखेर त्याच्या नावावर 652 धावा होत्या आणि दुसऱ्या दिवशी त्याने हजाराचा टप्पा ओलांडला.

129 चौकार, 59 षटकार. शाळेने 3 बाद 1465 वर डाव घोषित केला. आर्य गुरुकुल दुसऱ्यांदा 52 धावांत बाद झाली. निकाल: एक डाव आणि 1382 धावांनी विजय.

मग आक्षेप कशावर आहे?

दोन गोष्टींवर. पहिली म्हणजे समोरचा संघ. शाळेचे नेहमीचे खेळाडू परीक्षेमुळे नव्हते, त्यांच्या जागी बरीच लहान मुलं उतरली होती. दुसरी म्हणजे मैदान. एका बाजूची सीमारेषा जेमतेम 30 यार्डांवर असल्याचं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं.

30 यार्ड म्हणजे किती? वनडे सामन्यात खेळपट्टीभोवती आतलं वर्तुळ आखलेलं दिसतं, साधारण तेवढंच अंतर. आंतरराष्ट्रीय पुरुष क्रिकेटमध्ये सीमारेषा किमान 65 आणि कमाल 90 यार्डांवर असावी, असा आयसीसीचा नियम आहे. म्हणजे कल्याणमध्ये त्या बाजूला निम्म्याहून कमी अंतर होतं.

प्रणवच्या 1009 पैकी 870 धावा चौकार-षटकारांच्या आहेत. म्हणजे सुमारे 86 टक्के. त्यामुळे सीमारेषा कुठे होती हा प्रश्न अगदीच किरकोळ नाही.

क्रिकेटचे नियम काय सांगतात?

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. 65 यार्डांची अट आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी आहे. क्रिकेटचे मूळ नियम एमसीसी हा लंडनचा क्लब ठरवतो. त्यातला 19 वा नियम सीमारेषेचा. त्यात किमान अंतराचा आकडाच नाही. नाणेफेकीआधी पंचांनी सीमारेषा निश्चित करायची आणि सामना संपेपर्यंत ती बदलायची नाही, एवढंच त्यात आहे.

त्याच नियमात आणखी एक तरतूद आहे. सीमारेषेपार गेलेल्या चेंडूला किती धावा द्यायच्या, हे पंच आणि दोन्ही कर्णधार नाणेफेकीआधी ठरवू शकतात. चार आणि सहा हे नेहमीचे आकडे झाले. मैदानाच्या प्रथेप्रमाणे ते बदलता येतात.

गल्लीत क्रिकेट खेळलेल्या कुणालाही हे नवीन नाही. वांद्र्याच्या सरकारी वसाहतीत काय किंवा बोरिवलीच्या चाळीत काय, चेंडू थेट भिंतीपलीकडे गेला तर फलंदाज आऊट! जागा लहान असेल तर मोठा फटका स्वस्त होतो, म्हणून पोरं आधीच नियम कडक करतात. सामना संपल्यावर नाही.

आधीचा विक्रम कसा झाला होता?

प्रणवने मोडलेला विक्रम 116 वर्षं जुना होता. जून 1899, इंग्लंडमधलं क्लिफ्टन कॉलेज. ए. ई. जे. कॉलिन्स या 13 वर्षांच्या मुलाने 628 नाबाद केल्या. त्याचा जन्म भारतातला, हजारीबागचा. ती लढतही शाळेतल्या दोन हाऊसमधलीच होती. म्हणजे समोर काही दिग्गज गोलंदाज नव्हते.

त्या मैदानाचीही एक बाजू जवळ होती. पण तिकडे चेंडू गेला तर दोनच धावा मिळत. कॉलिन्सच्या खेळीत 146 वेळा दोन धावा आहेत. चौकार फक्त 31 आणि षटकार एक. मैदान लहान होतं, पण त्याचा हिशेब आधीच ठरलेला होता.

वांद्र्याच्या शाळेचं काय?

मुंबईच्या शालेय क्रिकेटमध्ये डोंगराएवढ्या धावा नवीन नाहीत. वांद्र्याच्या रिझवी स्प्रिंगफिल्ड शाळेचीच उदाहरणं घ्या. 2009 मध्ये सर्फराज खान 439. 2010 मध्ये अरमान जाफर 498. नोव्हेंबर 2013 मध्ये पृथ्वी शॉ 546. पृथ्वीची खेळी हॅरिस शिल्डमधली, बोरिवलीच्या सेंट फ्रान्सिस डी'असिसी शाळेविरुद्ध. तो संघ पहिल्या डावात 93 धावांत बाद झाला होता.

पृथ्वीने 85 चौकार आणि 5 षटकार मारले. म्हणजे 546 पैकी 370 धावा, सुमारे 68 टक्के. सामना आझाद मैदानावर झाला. तिथे 22 खेळपट्ट्या शेजारी-शेजारी आहेत. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचापाशी उभा असतो.

म्हणजे दुबळा प्रतिस्पर्धी आणि अपुरी जागा, या दोन्ही गोष्टी मुंबईच्या शालेय क्रिकेटमध्ये वर्षानुवर्षं आहेत. फक्त अंतर कमी होतं म्हणून विक्रम खोडायचे, तर खोडरबर कुठे थांबवायचा?

इतर खेळांत काय करतात?

डिस्क गोल्फमध्ये तबकडी फेकून साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकायची असते. पहिल्याच फेकीत गेली तर त्याला 'एस' म्हणतात. एखाद्या स्पर्धेसाठी अंतर मुद्दाम कमी केलं असेल तर तो एस खरा मानायचा का, असा वाद तिथेही होतो.

ॲथलेटिक्सने यावर मार्ग काढला आहे. 100 मीटर शर्यतीत पाठीमागून येणारा वारा सेकंदाला 2 मीटरपेक्षा जास्त असेल, तर पदक मिळतं, पण वेळ विक्रम म्हणून धरली जात नाही. 2011 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये केनियाचा जेफ्री मुताई 2 तास 3 मिनिटं 2 सेकंदांत धावला. तेव्हाच्या विश्वविक्रमापेक्षा ही वेळ 57 सेकंदांनी कमी होती. पण बोस्टनचा मार्ग प्रमाणाबाहेर उताराचा आहे आणि सुरुवात-शेवट एकमेकांपासून फार लांब आहेत. त्यामुळे मुताई विजेता ठरला, विश्वविक्रमवीर नाही.

हे नियम शर्यतीआधी लिहिलेले होते, हे महत्त्वाचं. शालेय क्रिकेटमध्ये असा नियम नव्हता.

मग 1009 मोजायचे का?

मोजायचे. सामना अधिकृत होता, सीमारेषा दोन्ही संघांना सारखीच होती आणि ती प्रणवने आखली नव्हती. सव्वातीनशेच्या आसपास चेंडू बाद न होता खेळणं 30 यार्डांच्या मैदानावरही सोपं नाही.

पण विक्रम मोजणं आणि त्यावरून खेळाडूचं भविष्य ठरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपली गफलत तिथे झाली. त्याच वर्षी पश्चिम विभागाच्या 16 वर्षांखालील संघात अर्जुन तेंडुलकर दिसला, प्रणव नाही, म्हणून सोशल मीडियावर संताप उसळला. विभागीय संघ राज्य संघांतून खेळलेल्या मुलांमधून निवडतात आणि प्रणव तेव्हा मुंबईच्या त्या संघात नव्हता, हे फार कमी जणांनी शेअर केलं.

मुंबई क्रिकेट असोसिएशनने प्रणवला पाच वर्षांसाठी दरमहा 10 हजार रुपयांची शिष्यवृत्ती दिली होती. पुढे मनासारख्या धावा होईनात, तेव्हा 2017 मध्ये कुटुंबानेच ती थांबवण्याची विनंती केली. एका आकड्याचं ओझं एका मुलावर किती पडतं, ते यातून कळतं.

उपाय फार अवघड नाही. स्कोअरशीटवर सीमारेषेचं अंतर लिहा. जवळच्या बाजूला दोन धावा ठेवायच्या असतील, तर नाणेफेकीआधी ठरवा. आणि निवड करताना किती धावा केल्या यासोबत कुठे आणि कुणाविरुद्ध केल्या, तेही बघा.