तांबड्या शिक्क्याचा रुपया

शिरूर-दौंडकडे पलटणींत जाण्याची चाल जुनी आहे. कोरेगांवीं लढलेली कुंपणी सरकारची फौज ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्रीं शिरूरच्या छावणींतूनच निघाली होती. या भागांतील एखाद्या सैनिकी घराण्याच्या पेटींत सहाव्या जॉर्जचें चित्र व त्यावर तांबडीं इंग्रजी अक्षरें असलेली नोट निघाली, तर तिला खोटी किंवा बिघडलेली समजून टाकून देऊं नये, एवढ्याचसाठीं हें टिपण लिहिलें आहे.

ती नोट हिंदुस्थानचीच होय. १९४५ सालीं ब्रह्मदेश परत जिंकला जात असतां तेथील लष्करी कारभारासाठीं रिझर्व्ह बँकेच्या ५, १० व १०० रुपयांच्या आणि सरकारी १ रुपयाच्या नोटांवर 'ब्रह्मदेशाचा लष्करी कारभार. केवळ ब्रह्मदेशांत कायदेशीर चलन' या अर्थाचा मजकूर छापण्यांत आला. कागद तोच, राजा तोच. परंतु त्या एका ओळीमुळें ती नोट दौंडच्या बाजारांत घेण्यास कोणी वाणी बांधलेला नव्हता. त्या वेळीं रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते.

या खटाटोपाचें कारण आमच्या मतें उघड आहे. ब्रह्मदेश १९३७ सालीं हिंदुस्थानापासून वेगळा झालेला. लष्कराच्या खर्चाचा पैसा तेथून इकडे वाहूं लागता तर कोणाचें देणें कोणावर, याचा हिशेबच राहिला नसता. शिवाय १९४२ पासून जपान्यांनीं तेथें स्वतःच्या रुपयांच्या नोटा भरमसाट काढल्या होत्या. इंग्रज परत येतांच त्या रद्द ठरल्या, व ज्यांनीं धान्य विकून त्या सांठविल्या होत्या ते एका दिवसांत नागवले गेले. तांबड्या शिक्क्याच्या नोटेचें मोल तेथील रयतेला म्हणूनच अधिक.

इटलींत लढलेल्या मराठा पलटणींचा अनुभव निराळा. तेथील दोस्तांच्या लष्करी लिऱ्यावर कोणा राजाचें चित्र नव्हतें. पौंडास ४०० लिरा हा सरकारी भाव धरतां रुपयास ३० लिरा पडत. त्या नोटेच्या पाठीवर मात्र भाषण, धर्म, गरजांपासून मुक्ति व भयापासून मुक्ति अशीं चार स्वातंत्र्यें इंग्रजींत छापलेलीं होतीं. परतंत्र देशाच्या शिपायाच्या हातीं तीं पडावींत, हा योग विलक्षणच!

अशी नोट सांपडल्यास तिजबरोबर ठेवलेलीं पत्रें व मनीऑर्डरच्या पावत्याहि जपाव्यात. नोटेवरून चलन कळतें. तें कोणाच्या खिशांतून आलें, हें त्या पावत्याच सांगतील.