हावोड, हेन्द्रे आणि सुट्टीचे घर

शाळांची हाफ टर्म जवळ आली की इल्फर्डमधल्या आपल्या घरांतून ठरावीक बोलणी सुरू होतात. यंदा कॉटेज कुठे घ्यायचे? तीन कुटुंबे, सहा मुले, भारतातून आलेले आजी-आजोबा आणि बरोबर प्रेशर कुकर असा लवाजमा हॉटेलात मावत नाही. (हॉटेलच्या खोलीत कुकरची शिट्टी होऊ शकत नाही, हे आपल्या कॉटेज-प्रेमाचे खरे कारण, निसर्गाचा नंबर त्यानंतर.) मग दोन-तीन वर्षांतून एकदा पाळी उत्तर वेल्सच्या डोंगरांवर येते. पाच-सहा तासांचा प्रवास करून आपण एररीत, म्हणजे ज्याला पूर्वी सगळे स्नोडोनिया म्हणत त्या भागात, एखाद्या दगडी घरापाशी उतरतो. हातभर जाडीच्या भिंती, वाकून आत जावे लागेल असे दार, शिडीने चढायचा माळा, कोपऱ्यात लाकडाची शेगडी. कधी ते घर पूर्वीचे चॅपेल असते, कधी शाळा, कधी चक्क गोठा. दारावर एक नाव कोरलेले असते. ते कोणालाच वाचता येत नाही, आणि आठ दिवसांनी किल्ली परत करताना ते आठवतही नाही.

या नावांचा मला बरीच वर्षे नाद आहे. त्यातले एक फार वेळा भेटते: 'हावोड'. वेल्श भाषेत हावोड म्हणजे उन्हाळी घर. पण हा उन्हाळा सुट्टीचा नव्हे. दरीतले पक्के घर ते 'हेन्द्रे'. मे महिन्याच्या आरंभी कुटुंबातली माणसे गुरे घेऊन वरच्या कुरणांवर जात, हावोडमध्ये राहून लोणी आणि चीज करत, आणि थंडीच्या तोंडावर खाली परतत. आपल्याकडे सह्याद्रीच्या माथ्यावर धनगरांचे आणि गवळ्यांचे जे फिरते आयुष्य होते, त्याची आठवण व्हावी असाच हा प्रकार. अठराव्या शतकानंतर मेंढपाळी वाढली, जमिनींना कुंपणे पडली आणि ही पद्धत मोडत गेली. घरे उरली, नावे उरली. आज 'हावोड' नावाच्या घरात आपण जुलैत जाऊन राहतो, तेव्हा शब्दाचा अर्थ पाळतो खरा. फक्त गुरे तेवढी नसतात.

दुसरे नाव 'टी इन्नोस', एका रात्रीचे घर. लोकसमजूत अशी की सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत गावच्या सामायिक जमिनीवर घर उभे करायचे, उजाडताना धुराड्यातून धूर निघाला पाहिजे, की ते घर तुमचे. दारातून कुऱ्हाड फेकायची. ती जिथे पडेल तिथवरची जमीनही तुमची. कायद्यात याला कधीच आधार नव्हता, पण गरिबाने कायद्याला विचारून घर बांधल्याचे उदाहरण कुठल्याच देशात सापडायचे नाही. रातोरात उठलेल्या मुंबईतल्या झोपड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. बेटुस-अ-कोइडजवळ हमरस्त्यावर 'टी हिल', म्हणजे कुरूप घर, नावाची धोंड्यांची एक वास्तू आहे. ती अशीच रात्रीत बांधली अशी कथा सांगतात. तिचे धोंडे पाहता ही रात्र बरीच लांबलेली असावी!

तिसरा शब्द 'क्रोगलॉफ्ट'. एका खोलीच्या घरात निम्म्या भागावर टांगलेला माळा, वर मुले झोपणार, खाली आईबाप. आपला पोटमाळाच. जाहिरातीत त्याला आता मोठा भाव आहे. ज्यांनी तो बांधला त्यांना दुसरी खोली परवडत नव्हती, एवढेच त्याचे वास्तुशास्त्र.

आता पाहुण्यांविषयी. या डोंगरात हौसेने येणाऱ्यांची रीघ अठराव्या शतकाच्या अखेरीस लागली. फ्रान्सशी युद्ध सुरू झाल्याने इंग्रज श्रीमंतांना युरोपची सहल बंद झाली, तेव्हा त्यांना घरच्या डोंगरांचे सौंदर्य दिसू लागले. याच काळात बेद्गेलर्ट गावात डेव्हिड प्रिचर्ड नावाचा खानावळवाला येऊन राहिला. गावाच्या नावाचा अर्थ 'गेलर्टची समाधी'. हा गेलर्ट बहुधा कोणी जुना साधुपुरुष असावा. प्रिचर्डने त्याचा कुत्रा केला. कथा अशी: तेराव्या शतकातला राजा लुएलिन शिकारीहून परततो, पाळणा उलटलेला, बाळ दिसत नाही, आणि लाडका कुत्रा गेलर्ट रक्ताळल्या तोंडाने शेपटी हलवत पुढे येतो. राजा तलवार खुपसतो. मग पाळण्याखालून बाळाचे रडणे ऐकू येते आणि शेजारी मेलेला लांडगा दिसतो. प्रिचर्डने गावच्या मंडळींच्या मदतीने शेतात एक समाधीही उभी केली, असे सांगतात. ती आजही आहे आणि तिच्यापुढे माणसे डोळे पुसतात.

आपल्याला ही गोष्ट ऐकताना चुकल्यासारखे होते, कारण ती लहानपणीच ऐकलेली असते. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रातली ब्राह्मणी, तिने पोटच्या पोरासारखे वाढवलेले मुंगूस, पाळण्याशी आलेला साप, आणि पाणी घेऊन परतलेल्या ब्राह्मणीने रक्ताळलेल्या मुंगसावर घातलेली घागर. ही कथा पहलवी, अरबी, लॅटिन असा प्रवास करत युरोपात शिरली. तिकडे मुंगसे नाहीत, म्हणून वाटेत कुठेतरी मुंगसाचा कुत्रा झाला. लोककथांचे अभ्यासक जोसेफ जेकब्स यांनी १८९२ मध्येच हा माग काढून दाखवला होता. म्हणजे एररीतल्या पर्यटन व्यवसायाच्या पायाभरणीत एक दगड आपला आहे. इतकी वर्षे आपण त्या समाधीपाशी गाडी लावायचे पैसे भरतो, ते खरे तर त्यांनी आपल्याला द्यायला हवेत.

पण या घरांना आजचे रूप दिले ते पाहुण्यांनी नव्हे, पाटीच्या दगडाने. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये शहरे वाढली, आणि त्यांची छपरे या डोंगरातल्या स्लेटने झाकली. आपले इल्फर्डच घ्या. १८९१ मध्ये जेमतेम अकरा हजार वस्तीचे हे गाव १९११ मध्ये अठ्ठ्याहत्तर हजारांचे झाले. रांगेने बांधलेल्या त्या घरांपैकी ज्यांची जुनी छपरे शाबूत आहेत, त्यांच्यापैकी कोणाकोणाच्या डोक्यावर वेल्सचा डोंगर असणारच. १८९८ च्या सुमारास या खाणींत सुमारे सतरा हजार माणसे काम करत होती. ती वेल्श बोलत, वेल्शमध्ये प्रार्थना करत, आणि जेवणाच्या सुट्टीत खाणीतल्या पाखाडीत बसून कविता आणि राजकारणावर वाद घालत. मालक मात्र इंग्रजी बोलणारे. सर्वांत मोठी खाण पेनरिन घराण्याची; तिच्यातला मूळ पैसा जमैकातल्या ऊसमळ्यांचा, म्हणजे गुलामांच्या कष्टाचा.

नोव्हेंबर १९०० मध्ये पेनरिनच्या खाणीत संप झाला आणि तो तीन वर्षे चालला. संपकऱ्यांच्या खिडक्यांत वेल्श पाट्या लागल्या: या घरात फितूर नाही. मुंबईच्या गिरणगावाने १९८२ चा संप पाहिला आहे, तेव्हा पुढचे सांगायला नको. शेवटी उपासमारीने कामगार हरले, शेकडो कुटुंबे दक्षिणेच्या कोळसा खाणींकडे गेली, आणि दरम्यान बांधकामवाल्यांनी परदेशी स्लेट व कौले वापरायला सुरुवात केली. धंदा पुन्हा पूर्वीसारखा उभा राहिला नाही. लानबेरिसची डिनॉर्विग खाण १९६९ मध्ये बंद पडली. तरुण लिव्हरपूल, मँचेस्टरला गेले. चॅपेलमध्ये येणारी माणसे कमी झाली. डोंगरात रिकामी घरे जमू लागली, आणि रिकामे घर स्वस्त असते.

नेमक्या याच सुमारास या डोंगराला राष्ट्रीय उद्यानाचा मान मिळाला. १९४९ च्या कायद्यानुसार ऑक्टोबर १९५१ मध्ये स्नोडोनिया उद्यान जाहीर झाले. आपल्याकडे राष्ट्रीय उद्यान म्हटले की माणसांना बाहेर काढतात. चांदोलीसाठी गावे उठवावी लागली. इथे तसे नाही. जमीन बहुतेक खासगी, गावे आत, शेती आत. ब्लायनाय फेस्टिनिओग हे खाणीचे गाव मात्र नकाशातून अलगद कापून वगळले. चहूबाजूंनी उद्यान आणि मधे भोक, कारण स्लेटच्या कचऱ्याचे डोंगर निसर्गसौंदर्यात बसेनात. ज्यांनी छपरे पुरवली त्यांना अंगणात जागा नाही, असा हा न्याय.

उद्याने कुठे असावीत हे ठरवणाऱ्या हॉबहाउस समितीत क्लफ विल्यम्स-एलिस नावाचा वास्तुविशारद होता. चमत्कारिक सुट्टीघरांचा हा आद्यपुरुष म्हणायला हरकत नाही. १९२५ पासून त्याने समुद्रकाठी पोर्टमेरियन नावाचे इटालियन थाटाचे रंगीत गाव वसवायला घेतले. त्यातली घरे पाहुण्यांना भाड्याने. देशभरात पाडल्या जाणाऱ्या इमारतींचे तुकडे तो विकत घेऊन इथे जोडी. एका वाड्याचे नक्षीदार छत त्याने तेरा पौंडांना उचलले होते. जवळच्या क्रोयसोर खोऱ्यातली आपल्या मालकीची जुनी घरे तो लेखक-प्राध्यापकांना भाड्याने देई. नेहरूंच्या सरकारला संरक्षण संशोधनात सल्ला देणारे नोबेलविजेते पॅट्रिक ब्लॅकेट या खोऱ्यात सुट्टीला येत. इतिहासकार एरिक हॉब्सबॉम यांनी तर आत्मचरित्रात या दिवसांवर एक प्रकरण लिहिले आहे. एवढे पुरोगामी, श्रमिकांचे इतिहास लिहिणारे लोक, आणि तरी पाहुणे आणि गावकरी यांच्यातली दरी बुजली नाही, हे त्यांनी प्रांजळपणे नोंदवले आहे. मला हे प्रकरण त्यांच्या जाडजूड ग्रंथांइतकेच मोलाचे वाटते.

ती दरी डिसेंबर १९७९ मध्ये पेटली. मैब्योन ग्लिनडूर, म्हणजे ग्लिनडूरचे पुत्र, या गुप्त संघटनेने बाहेरच्यांची रिकामी सुट्टीघरे जाळायला सुरुवात केली. पुढच्या बारा-तेरा वर्षांत दोनशेहून अधिक घरांना आगी लागल्या. आग लावणे हा गुन्हाच, आणि वेल्श लोकांपैकी बहुतेकांना तो मान्य नव्हता. वेल्श भाषा मंडळाचे कार्यकर्ते याच प्रश्नावर उघडपणे, निदर्शने करून, तुरुंगात जाऊन लढत होते. प्रश्न खोटा नव्हता. वर्षातून सहा आठवडे दिवा लागणाऱ्या घरातून शाळेत मूल जात नाही. मूल नाही म्हणून शाळा बंद, शाळा बंद म्हणून तरुण जोडपे येत नाही, आणि आले तरी लंडनच्या पैशाने चढलेली किंमत त्याला झेपत नाही. ग्वीनेड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ६५.४ टक्के लोक वेल्श बोलत होते, २०२१ मध्ये ६४.४. एक टक्का लहान दिसतो, पण भाषेच्या शेवटच्या बालेकिल्ल्यात तो लहान नसतो.

हे वाचताना मला एररीपेक्षा कोकण अधिक दिसते. आपल्यापैकी कितीजणांचे गावी घर आहे आणि त्याला कुलूप आहे? मुंबईच्या चाकरमान्यांनी निदान गणपती-शिमग्याला ते उघडले. आपण तेही पाच वर्षांतून एकदा. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, महाराष्ट्र पर्यटन महामंडळाची 'निवास व न्याहारी' योजना आली, आणि ओटी-पडवी-माजघर हे शब्द जाहिरातीत दिसू लागले. क्रोगलॉफ्टसारखेच. कोणी स्वतः राहून चार खोल्या पाहुण्यांना देतो, स्वतःच्या चुलीवर घावणे घालतो, तेव्हा घर जिवंत राहते. कोणी सगळा डोंगर बाहेरच्याला विकतो आणि त्याच्याच फाटकावर पहारेकरी होतो. दोन्ही प्रकारांना एकच 'होमस्टे' म्हणतात, ही अडचण आहे. वेल्समध्ये आपण पाहुणे, कोकणात गैरहजर मालक. दोन्ही बाजूंनी या प्रश्नात असणारी माणसे फार नसतील.

वेल्स सरकारने २०२२ मध्ये नियोजनाच्या कायद्यात राहते घर, दुसरे घर आणि भाड्याचे सुट्टीघर असे वेगवेगळे वर्ग केले. ग्वीनेडने एप्रिल २०२३ पासून दुसऱ्या घरावर मूळ पट्टीवर दीडशे टक्के जादा, म्हणजे एकूण अडीचपट कर लावला. सुट्टीघराला व्यवसाय म्हणून मान्यता हवी तर ते वर्षातून १८२ दिवस भाड्याने गेलेच पाहिजे, असा नियम त्याच महिन्यापासून लागू झाला. पूर्वी सत्तर दिवस पुरत. छोट्या मालकांची, त्यात गावचे शेतकरीही आले, यावर रास्त तक्रार आहे की पावसाळी डोंगरात १८२ दिवस भरायचे कसे. नोव्हेंबर २०२२ मध्ये उद्यानाने एररी आणि अर विद्वा ही मूळ नावे वापरायचे ठरवले. तेव्हा काही वर्तमानपत्रांना फार वाईट वाटले. मुंबईचे 'बॉम्बे' सुटताना १९९५ मध्ये ज्यांना वाईट वाटले होते, त्यांचीच ही भावंडे.

आता एक ठिकाण, पुढच्या हाफ टर्मसाठी. उद्यानाच्या पश्चिमेला, लीन द्वीपकल्पाच्या कड्याखाली नांट गुर्थेर्न नावाची खाणकामगारांची वाडी आहे. तिथला ग्रॅनाइट लिव्हरपूल-मँचेस्टरच्या रस्त्यांत गेला. खाण बंद पडली, १९५९ मध्ये शेवटचे कुटुंब निघून गेले, छपरे बसली. १९७० मध्ये जवळच्या लानाएलहायर्न गावात कार्ल क्लोज नावाचे डॉक्टर जी.पी. म्हणून आले. मँचेस्टरमध्ये वाढलेले, वेल्श मोठेपणी शिकलेले. गावची शाळा बंद होऊ घातली होती. त्यांनी गावकऱ्यांना घेऊन १९७४ मध्ये गावाची सहकारी संस्था काढली, आणि मग एक न्यास स्थापून १९७८ मध्ये ही ओसाड वाडी विकत घेतली. १९८२ मध्ये तिथे वेल्श शिकवण्याचे पहिले वर्ग भरले. शिकायला येणारी माणसे खाणकामगारांच्या त्याच घरांत राहू लागली; आजवर अशी हजारो येऊन गेली. दोन ओळींत घरे आहेत, एका ओळीचे नाव समुद्रदर्शन, दुसरीचे डोंगरदर्शन. कॉफी पिता पिता तुम्हाला दारावरचे नाव कसे उच्चारायचे ते कोणीतरी आनंदाने सांगते. डॉक्टर क्लोज २०२१ मध्ये वारले.

दरीत उतरणारा रस्ता आता डांबरी आहे, पण पसरणीच्या घाटाला लाजवेल असा उभा. सात माणसांनी आणि कुकरने भरलेली गाडी असेल, तर पहिला गिअर सोडू नका.