इगतपुरीला इंजिन बदलते

लहानपणी दिवाळीच्या सुटीत आम्ही बोदवडहून निघून, भुसावळला गाडी बदलून, मुंबईस मामांकडे जात असू. इगतपुरीला गाडी बराच वेळ थांबे. “इंजिन बदलतंय,” आई सांगे. पुढची वीज निराळी, म्हणून इंजिनही निराळे!

३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला विजेची पहिली गाडी धावली, ती १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. पुढे इगतपुरी-भुसावळ मार्गावर तारा आल्या, त्या २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाच्या. दाब वाढला की तेवढ्याच शक्तीला प्रवाह कमी लागतो. तार हलकी चालते, उपकेंद्रे दूरदूर ठेवता येतात. मुंबईची जुनी वीज बदलणे भागच होते. पण लाखो माणसांची गाडी बंद ठेवायची तरी किती दिवस?

रेल्वेने, वाचकहो, ती बंद ठेवलीच नाही. दोन्ही विजांवर चालणाऱ्या गाड्या आणल्या आणि मार्गाचा एकेक तुकडा बदलत नेला. जुनी-नवी वीज जिथे भेटे तिथे मध्ये थोडी बिनविजेची तार असे. लोकलमधले दिवे क्षणभर मालवत, गाडी मात्र आपल्या वेगावर पुढे सरके. पश्चिम रेल्वेचे काम २०१२ साली संपले, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचे जून २०१५ मध्ये, हार्बरचे एप्रिल २०१६ मध्ये.

मी संगणकांच्या एका कोठारावर नोकरी करतो. तिथे प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती तीन यंत्रांवर असतात. प्रोग्रॅम बदलायचा तोही कोठार उघडे ठेवून. एक यंत्र बाजूला घ्यायचे, नवा प्रोग्रॅम चढवायचा, परत आणायचे. मधल्या काळात हुकलेल्या नोंदी त्याने भरून घेतल्या, की मगच दुसऱ्याला हात लावायचा. तोवर नव्याने जुन्याचीच भाषा बोलायची. सगळी यंत्रे बदलल्याखेरीज नवी लेखनपद्धती सुरू करायची नाही, म्हणजे माघारीची वाट मोकळी राहते.

एका रात्री मी घाई केली. पहिल्या यंत्राचे भरणे उरकण्याआधीच दुसरे काढले. पुरी प्रत एकच उरली आणि कोठाराने नव्या नोंदी घेणे थांबवले. एका प्रतीच्या भरवशावर कारभार करणे त्याला मंजूर नव्हते. हरवले काही नाही, पण दोन तास माणसे खोळंबली.

आता माझ्या आराखड्यात दर यंत्रानंतर एक ओळ असते : ‘भरेपर्यंत थांबणे.’ इगतपुरीला आता विजेपायी इंजिन बदलावे लागत नाही. तरी ते स्टेशन आले की फलाटावर पाय आपटणारा तो मुलगा मला आठवतो, आणि त्याला शांतपणे लाडू देणारी आईही.